अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि औषध दुकानातील नोंदवही : एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



राज्यातील औषध दुकानांत सर्वाधिक खपणाऱ्या प्रतिजैविकांमध्ये, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांमध्ये, अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन नावे अगदी वर येतात. औषधे नियम, १९४५ यांच्या लेखी ही दोन्ही औषधे ‘अनुसूची एच’मध्ये, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत आहेत, दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत, आणि प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही चिठ्ठीवाचून सर्रास मिळतात. कायद्यात, सूचीत आणि काउंटरवर अशी सारखीच वागणूक मिळणाऱ्या या औषधांचे शरीरातील वर्तन, त्यांचे खरे उपयोग आणि त्यांच्या गैरवापराची समाजाला मोजावी लागणारी किंमत मात्र फार वेगळी आहे. तो फरक ध्यानात घेऊन आपल्या प्रशासनाने अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या विक्रीवर स्वतंत्र आणि अधिक काटेकोर देखरेख ठेवावी, आणि तसे करताना अ‍ॅमॉक्सिसिलिनचा पुरवठा राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यात आटू देऊ नये, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. पण त्यामागची कारणे वैद्यकशास्त्रातील असल्यामुळे ती काहीशा विस्ताराने मांडणे भाग आहे.

अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातील औषध आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीत सापडलेले मूळ पेनिसिलिन जठरातील आम्लाने नष्ट होत असे आणि त्याचा पल्ला मोजक्या जिवाणूंपुरता होता. त्याच्या रेणूत फेरफार करून ब्रिटनमधील बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेने प्रथम अ‍ॅम्पिसिलिन आणि नंतर १९७२ साली अ‍ॅमॉक्सिसिलिन बाजारात आणले, जे तोंडावाटे घेतल्यावर आतड्यातून उत्तम शोषले जाते आणि ज्याला जेवणाची आडकाठी होत नाही. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची कडक भित्तिका असते, तिचे धागे एकमेकांत गुंफणारी विकरे या औषधामुळे निकामी होतात, भित्तिका कच्ची राहते आणि वाढू पाहणारा जिवाणू फुटून मरतो. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे या औषधाचा माणसाला होणारा थेट अपाय कमी असतो, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांनाही ते दीर्घकाळ निर्धास्तपणे दिले जात आले आहे, ते याच कारणाने. पेनिसिलिनच्या या कुळाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, तो मुख्यतः पेनिसिलिन देशात बनावे म्हणूनच. पुढे याच देशाला पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहावे लागले आणि तो कच्चा माल पुन्हा येथे तयार व्हावा यासाठी २०२० साली उत्पादन-प्रोत्साहन योजना आणावी लागली, हा औद्योगिक धोरणाचा वेगळा आणि काहीसा खेदजनक अध्याय आहे.

अ‍ॅझिथ्रोमायसिनची वंशावळ निराळी आहे. फिलिपाइन्समधील मातीच्या एका नमुन्यातून मिळालेल्या सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकाच्या आरंभी एरिथ्रोमायसिन हे औषध तयार झाले. ते पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडे, पण पोटात कालवाकालव करी आणि दिवसातून अनेकदा घ्यावे लागे. तत्कालीन युगोस्लाव्हियातील, म्हणजे आजच्या क्रोएशियातील, झाग्रेब शहरात प्लिव्हा या कंपनीच्या संशोधकांनी १९८० साली एरिथ्रोमायसिनच्या वलयाकार रेणूत नायट्रोजनचा एक अणू बसवून नवे औषध घडवले, १९८८ साली ते त्यांच्या देशात विक्रीस आले आणि फायझर कंपनीशी झालेल्या करारामुळे १९९० च्या दशकात जगभर पसरले. हे औषध जिवाणूच्या भित्तिकेला हात लावत नाही; जिवाणूच्या आत प्रथिने बनवणारी जी रायबोसोम नावाची यंत्रणा असते, तिच्या मोठ्या भागाला ते चिकटते आणि प्रथिननिर्मिती थांबवते, त्यामुळे बहुतेक वेळा जिवाणू तत्काळ मरत नाही, त्याची वाढ खुंटते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते.

भित्तिका आणि रायबोसोम या दोन वेगळ्या लक्ष्यांमुळे दोन्ही औषधांची क्षेत्रे बरीचशी आपोआप ठरतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून त्याच्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियात अ‍ॅमॉक्सिसिलिन कितीही दिले तरी निष्फळ ठरते आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन उपयोगी पडते. क्लॅमिडिया, लेजिओनेला आणि स्क्रब टायफसला कारणीभूत होणारा, माणसाच्या पेशींच्या आत दडून राहणारा जिवाणू यांच्याबाबतही पारडे अ‍ॅझिथ्रोमायसिनकडे झुकते, कारण हे औषध पेशींच्या आत मोठ्या प्रमाणात साठते. उलट न्यूमोनियाचे सर्वांत महत्त्वाचे कारण असणारा न्यूमोकॉकस, कानाच्या व सायनसच्या संसर्गातील नेहमीचे जिवाणू, दातांच्या मुळाशी होणारे गळू आणि घशातील स्ट्रेप्टोकॉकस यांच्यासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन हाच पहिला पर्याय आहे. डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू आणि साधी सर्दी यांच्यावर दोन्ही औषधांचा परिणाम शून्य आहे, कारण ते आजार विषाणूंचे आहेत; हे वाक्य शालेय पाठ्यपुस्तकातले वाटले तरी पावसाळ्यातील औषधविक्री पाहता ते आपल्या कार्यालयास पुन्हा लिहून कळवणे अनाठायी ठरू नये.

घसादुखीचे उदाहरण थोडे अधिक पाहण्यासारखे आहे, कारण दोन्ही औषधांची खरी स्पर्धा तेथेच होते आणि तेथेच अ‍ॅझिथ्रोमायसिन सर्वाधिक वाया जाते. घसा धरण्याच्या बहुतेक घटना विषाणूंमुळे घडतात आणि त्या औषधावाचून बऱ्या होतात; ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरा थर आहे आणि मानेच्या पुढच्या भागातील गाठी दुखऱ्या आहेत, अशी लक्षणे एकत्र आली तरच स्ट्रेप्टोकॉकसचा संशय बळावतो. त्या जिवाणूवर वेळीच उपचार करणे आपल्या देशात विशेष अगत्याचे आहे, कारण उपचार न झाल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. आता लक्षणीय बाब अशी की पेनिसिलिन वापरात येऊन आठ दशके लोटली, तरी रुग्णांत आढळणारा हा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनच्या कुळाला दाद देईनासा झाल्याचे जगात कोठेही प्रस्थापित झालेले नाही, तर अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या कुळाला न जुमानणारे त्याचे प्रकार मात्र अनेक देशांत आढळले आहेत. म्हणजे ज्या औषधाला तो जिवाणू आजही शरण येतो, ते दहा दिवस घ्यावे लागते म्हणून बाजूला सारले जाते, आणि ज्याच्याबद्दल खात्री कमी, ते तीन दिवसांत आटोपते म्हणून दिले जाते.

तीन दिवसांची ही सोय म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या लोकप्रियतेचे मर्म आणि त्याच्या धोक्याचेही मूळ आहे. शरीरात गेलेल्या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. अ‍ॅमॉक्सिसिलिनचे अर्धायुष्य सुमारे एक तासाचे आहे, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावे लागते, लघवीवाटे झपाट्याने निघून जाते आणि शेवटच्या गोळीनंतर दिवसभरात त्याचा मागमूस राहत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे अर्धायुष्य सुमारे ६८ तासांचे आहे. शिवाय ते रक्तात थोडे आणि ऊतींमध्ये व पांढऱ्या पेशींमध्ये पुष्कळ साठते, त्यामुळे पाचशे मिलिग्रॅमच्या तीनच गोळ्या घेतल्या तरी औषध त्यानंतर कित्येक दिवस काम करत राहते. रुग्णाला आणि डॉक्टरला हे वरदान वाटते; पण औषध ऊतींतून हळूहळू झिरपत असताना एक दीर्घ काळ असा येतो की त्याचे प्रमाण जिवाणूंना रोखण्यास अपुरे असते आणि त्यांच्यातील चिवट प्रकार निवडून काढण्यास पुरेसे असते. हे जिवाणू नेहमी आजाराचेच असतात असे नाही. घशात, नाकात आणि आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे असंख्य जिवाणू या निवडीतून जातात, आणि त्यांनी मिळवलेली प्रतिरोधाची जनुके ते पुढे रोगकारक जिवाणूंना देऊ शकतात. बेल्जियममधील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना अ‍ॅझिथ्रोमायसिनचा छोटा कोर्स देऊन त्यांच्या घशातील स्ट्रेप्टोकॉकस वंशाचे जिवाणू तपासले, तेव्हा काही दिवसांतच प्रतिरोधक प्रकारांचे प्रमाण एकदम वाढले आणि तो परिणाम सहा महिन्यांनंतरही पूर्णपणे ओसरला नव्हता. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग प्रत्येक औषध दुकानदाराने वाचावा असा आहे. रुग्णाच्या हिशेबी तीन दिवसांचे असलेले औषध जिवाणूंच्या हिशेबी कित्येक महिन्यांचे ठरते, आणि ‘तीन गोळ्यांची पट्टी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला ही बाब कोणी सांगत नाही.

येथे अ‍ॅमॉक्सिसिलिनची बाजू निष्कलंक आहे असे भासवणे अप्रामाणिक ठरेल. अनेक जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करून या औषधाचा रेणू तोडतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारण ठरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूवर भारतात एकटे अ‍ॅमॉक्सिसिलिन आता क्वचितच भरवशाचे राहिले आहे. या विकराला अडवण्यासाठी १९८१ पासून त्याच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल देण्याचा प्रघात पडला, आणि आपल्याकडे तो इतका बोकाळला की घशाच्या ज्या जिवाणूकडे हे विकर मुळात नसतेच, त्याच्यावरही ही महागडी जोडगोळी लिहिली जाते, ज्यातून रुग्णाला फक्त अधिक जुलाब आणि क्वचित यकृताचा त्रास मिळतो. पेनिसिलिनच्या कुळाची तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित होते पण जिवावर बेतू शकते, आणि तिचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय हे औषध देणे हा निष्काळजीपणा आहे. मात्र ‘आपल्याला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तपासणीअंती ते सहज सोसतात, असेही अनेक देशांतील अनुभव सांगतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा धोका दुसऱ्या दिशेने येतो : हृदयाच्या विद्युत्-आलेखातील क्यूटी नावाचे अंतर त्याने लांबू शकते आणि आधीच हृदयविकार असणाऱ्या किंवा तशाच परिणामाची अन्य औषधे घेणाऱ्या माणसाच्या हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली त्याबाबत जाहीर इशारा दिला होता. हा धोका निरोगी तरुणाच्या बाबतीत नगण्य आहे. परंतु काउंटरवरून गोळी देणाऱ्याला समोरच्या साठीच्या गृहस्थाचा कार्डिओग्राम कधीच ठाऊक नसतो.

तथापि अ‍ॅझिथ्रोमायसिन जपावे असे म्हणण्याचे सर्वांत सबळ कारण टायफॉइड हे आहे, आणि त्यावर प्रशासनाचे लक्ष विशेषत्वाने वेधायचे आहे. विषमज्वर किंवा मुदतीचा ताप म्हणून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या जाणाऱ्या या आजारावर १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल चालले. १९९० च्या सुमारास ते, अ‍ॅम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिघांनाही न जुमानणारा जिवाणू भारतात पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे युग आले आणि तेही दहा-पंधरा वर्षांत विझले. आज रुग्णालयात दाखल न करता घरी उपचार करता येतील अशा टायफॉइडसाठी तोंडावाटे घेण्याची जी मोजकी विश्वासार्ह औषधे उरली आहेत, त्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिनचे स्थान अग्रभागी आहे, आणि ते तीन दिवस नव्हे तर साधारण सात दिवस, वजनाच्या हिशेबाने अधिक मात्रेत द्यावे लागते. शेजारच्या पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की ज्यावर शिरेतून देण्याचे सेफ्ट्रायॅक्सोनही चालेना. तेथे तोंडावाटे देण्यासाठी हाती राहिले ते अ‍ॅझिथ्रोमायसिनच. पुढे बांगलादेशातील संशोधकांनी २०१९ साली टायफॉइडच्या जिवाणूत असा जनुकीय बदल दाखवून दिला, ज्याने तो अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही पेशीबाहेर फेकू लागतो. तो प्रकार अद्याप विरळ आहे. तो विरळ राहावा असे वाटत असेल तर या औषधाचा अनावश्यक मारा थांबवण्याची वेळ आजची आहे, आणि तसे केल्याने लाभ होतो याचा पुरावाही याच आजाराने दिला आहे : क्लोरॅम्फेनिकॉल आणि अ‍ॅम्पिसिलिन यांचा टायफॉइडसाठी वापर थांबल्यावर काही वर्षांनी भारतातील टायफॉइडचे बहुसंख्य जिवाणू त्यांना पुन्हा दाद देऊ लागले.

नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी टायफॉइडची संयुग्मी लस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील शर्करा एका प्रथिनाला जोडून बनवलेली लस, सार्वजनिक मोहिमेतून देण्यास आरंभ केला आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस अशा रीतीने देण्याची जगातील ती पहिली मोहीम होती. ज्या राज्यातील एक महानगरपालिका टायफॉइड रोखण्यात जगाच्या पुढे राहिली, त्याच राज्यात टायफॉइडवरचे हुकमी औषध सर्दी-पडशासाठी खपावे, ही विसंगती प्रशासनाच्या नजरेआड राहू नये. नुकसान केवळ दूरच्या भविष्यातले नाही. अंगात कणकण आली की दुकानातून तीन गोळ्या घेऊन खाल्लेल्या माणसाला खरोखर टायफॉइड असला, तर ताप अर्धवट दबतो, नंतर केलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, जिवाणू सापडण्याची शक्यता घटते, आणि निदान विडालसारख्या बेभरवशाच्या चाचणीवर ढकलले जाते. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली, मेळघाटात २०२२ च्या पावसाळ्यात दूषित पाण्यातून पटकी पसरली. या दोन्ही रोगांत, विशेषतः गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी, अ‍ॅझिथ्रोमायसिन हे मोलाचे औषध आहे. महाराष्ट्राला त्याची खरी गरज आहे, आणि म्हणूनच त्याच्या उधळपट्टीची काळजी आहे.

उधळपट्टी हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. भारतातील खाजगी क्षेत्राच्या २०१९ च्या औषधविक्रीचा अभ्यास ‘लॅन्सेट’ समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या वर्षी सुमारे ५०७ कोटी प्रमाण-मात्रा इतकी प्रतिजैविके खपली, आणि सर्व प्रकारांत पहिला क्रमांक अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत : नेहमीच्या संसर्गांसाठी प्रथम वापरावयाची औषधे, प्रतिरोधाचा धोका अधिक असल्याने जपून वापरावयाची औषधे आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवावयाची औषधे. अ‍ॅमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या. उपरोक्त अभ्यासात भारतातील खपात पहिल्या गटाचा वाटा सुमारे २७ टक्के आणि दुसऱ्याचा सुमारे ५५ टक्के निघाला, तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२४ साली देशोदेशींनी मान्य केलेले उद्दिष्ट असे आहे की २०३० पर्यंत पहिल्या गटाचा वाटा जागतिक वापरात निदान ७० टक्के व्हावा. कोविडच्या काळात या उधळपट्टीला आणखी गती मिळाली. विषाणूच्या त्या आजारात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा काहीही उपयोग नाही, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने सिद्ध केले, परंतु तोवर जून ते सप्टेंबर २०२० या चारच महिन्यांत भारतात त्याच्या सुमारे ३ कोटी ८० लाख मात्रा नेहमीपेक्षा जास्त विकल्या गेल्या होत्या, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. साथ सरली, पण गोळीचे नाव लोकांच्या तोंडी बसले ते बसलेच.

कायद्याकडे वळल्यावर एक मोठी उणीव दिसते. प्रतिजैविकांच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ साली ‘अनुसूची एच-१’ निर्माण केली आणि ती मार्च २०१४ पासून अमलात आली. या अनुसूचीतील औषध विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवणे आणि तपासणीस उपलब्ध करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्या वेळच्या ४६ औषधांच्या यादीत सेफिक्झिम होते, लिव्होफ्लॉक्सासिन होते, क्षयरोगाची औषधे होती; अ‍ॅझिथ्रोमायसिन नव्हते. देशात सर्वाधिक खपणारे प्रतिजैविकच नोंदवहीतून सुटले. २०१६ साली प्रतिजैविकांच्या पट्टीवरील लाल रेषेकडे लक्ष वेधणारी मोहीम झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रतिजैविक देण्याचे कारण लिहावे व विक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय ते देऊ नये असे आवाहन केले. परंतु लाल रेषा आणि आवाहन या दोहोंत विकलेल्या गोळीची स्वतंत्र नोंद कोठेच राहत नाही, आणि तशी नोंद नसेल तर आपल्या औषध निरीक्षकाने दुकानात जाऊन नेमके तपासायचे काय, हा प्रश्न तसाच उरतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या गावात डॉक्टर नाही, तेथे चिठ्ठीचा आग्रह धरणे म्हणजे औषधच नाकारणे होय, असे म्हटले जाते, आणि महाराष्ट्रातील आदिवासी पट्ट्यांचा विचार करता त्यात तथ्य आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत मुलांच्या न्यूमोनियावर प्रतिजैविके देण्याचा प्रयोग केला आणि त्याने बालमृत्यू घटल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते औषध को-ट्रायमॉक्सॅझोल होते, पुढे याच कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅमॉक्सिसिलिनला पसंती दिली. पाण्यात विरघळणारी ही गोळी डॉक्टर नसलेल्या गावातही, श्वासाचा वेग मोजायला शिकलेल्या आशा कार्यकर्तीच्या हाती असणे हे न्याय्य आणि शास्त्रशुद्ध आहे. त्या अनुभवाचा आधार घेऊन मुंबई-पुण्याच्या दुकानांतून कोणालाही अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळावे असा युक्तिवाद करता येत नाही, कारण गडचिरोलीत औषधाआधी श्वास मोजला गेला होता आणि शहरी काउंटरवर फक्त पैसे मोजले जातात. उपलब्धतेचा प्रश्न अ‍ॅमॉक्सिसिलिनचा आहे आणि अतिवापराचा प्रश्न प्रामुख्याने अ‍ॅझिथ्रोमायसिनचा. दोन्ही प्रश्नांना ‘प्रतिजैविकांवर नियंत्रण’ या एकाच परिपत्रकात कोंबले, तर गडचिरोलीतील मूल औषधावाचून राहील आणि दादर-डेक्कनवरची विक्री पूर्ववत चालेल.

म्हणून प्रशासनाकडून अपेक्षित असलेली पावले या भेदावर आधारलेली आहेत. अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्राचा आहे हे मान्य. पण अ‍ॅझिथ्रोमायसिन ‘एच-१’मध्ये आणावे अशी लेखी शिफारस राज्याने औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे करण्यास कोणतीही अडचण नाही, आणि देशाच्या औषधउद्योगात मोठा वाटा असलेल्या राज्याच्या शब्दाला तेथे वजन असेल. शिफारशीचा निकाल लागेपर्यंत परवाने देणे आणि तपासणी करणे ही कामे आपल्याच हाती आहेत. ‘अनुसूची एच’मधील औषधाच्या विक्रीची नोंद ठेवणे आजही बंधनकारक आहे; तपासणीच्या वेळी निरीक्षकाने घाऊक विक्रेत्याकडून दुकानात आलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या आणि चिठ्ठीवर गेलेल्या पट्ट्या यांचा ताळा पाहावा, एवढ्या एका नियमाने पुष्कळ गोष्टी उघड होतील. पात्र फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर असावा या साध्या नियमाच्या अंमलबजावणीसाठी या राज्यात पूर्वी आपल्या प्रशासनाने कंबर कसली तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले होते, याचे भान ठेवूनच हे लिहिले आहे. त्या वेळी सर्व औषधांवर एकदम हात घातला गेला होता, या वेळी मागणी एका औषधापुरती आहे, आणि एका औषधाची नोंदवही ठेवणे कोणत्याही दुकानदाराला अशक्य नाही.

जिल्हावार विक्रीचे आकडे जाहीर करण्याची सूचनाही याच्याशी निगडित आहे. घाऊक विक्रेत्यांकडून दर तिमाहीला अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्या विक्रीचे प्रमाण मागवून ते जिल्ह्याच्या लोकसंख्येसह संकेतस्थळावर ठेवले, तर एखाद्या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनचा खप दुप्पट होतो आहे की नाही, तो टायफॉइडच्या नोंदींशी जुळतो की डेंग्यूच्या, आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनचा तुटवडा नंदुरबारला आहे की गोंदियाला, हे जिल्हा शल्यचिकित्सकापासून वार्ताहरापर्यंत कोणालाही पाहता येईल. पुढील पावसाळ्याच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, या आकड्यांचा पहिला तक्ता प्रसिद्ध व्हावा, अशी विनंती आहे.